दोन दिवसांची वाट : आगगाडी आणि पेडणे-डिचोली



प्रवासाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठे प्रवास येतात. काशीयात्रा, विलायतेची सफर, वास्को द गामाचे गलबत. आज मला लहान प्रवासाबद्दल बोलायचे आहे. शनिवारी निघायचे, एखादे जुने गाव किंवा समुद्र पाहायचा आणि सोमवारी कामावर हजर व्हायचे, अशा प्रवासाबद्दल. हा प्रवास आगगाडीने शक्य केला, आणि आपल्या पेडणे-डिचोलीच्या वाट्याला तो फार उशिरा, तोही उलट्या दिशेने आला. आपण लोकांकडे जाण्याआधी लोक आपल्याकडे येऊ लागले. हे असे का झाले ते पाहू.

या प्रथेचा उगम इंग्लंडात आहे. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक नावाच्या एका दारूबंदीच्या प्रचारकाने लेस्टरहून लाफबरोला सभेसाठी सुमारे पाचशे माणसे एक शिलिंग भाड्यात आगगाडीने नेली. त्याच वर्षी लंडन ते ब्रायटन हा लोहमार्ग पुरा झाला आणि राजेरजवाड्यांचा समुद्र कारकुनांच्याही आवाक्यात आला. पुढे १८७१ साली पार्लमेंटने बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा केला. सुट्टी, स्वस्त तिकीट आणि घरून सकाळी निघून पोहोचता येईल एवढे अंतर, या तीन गोष्टी जुळल्या तेव्हा गिरणी कामगारही ब्लॅकपूलच्या वाळूवर दिसू लागला.

आपल्याकडे मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली. पण आपल्या माणसाला घराबाहेर काढणारी सुट्टी कायद्याने दिलेली नव्हती, ती पंचांगाने दिलेली होती. आषाढी, कोजागिरी, शिमगा, गणेशचतुर्थी. पेडण्याची पुनव किंवा शिरगावची लईराईची जत्रा घ्या. दोन दिवसांसाठी घर सोडणे, नातेवाइकांकडे उतरणे, देवदर्शन, खाजे, खेळणी आणि परत. लहान सफरीची सगळी अंगे त्यात आहेत. आगगाडी मात्र नव्हती.

गोव्यात आगगाडी आली ती दुसऱ्याच हिशेबाने. १८७८ सालच्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. मुरगाव बंदर लोहमार्गाने ब्रिटिश मुलखाशी जोडायचे, आणि त्या बदल्यात गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनाचा मक्ता इंग्रजांकडे. १८८१ साली लंडनमध्ये कंपनी उभी राहिली आणि १८८८ साली मुरगाव ते कॅसलरॉक हा मीटरगेज मार्ग चालू झाला. गोव्याच्या हद्दीतली त्याची लांबी सुमारे ८२ किलोमीटर. मडगाव, सावर्डे, कुळे, मग दूधसागरावरून घाट चढून कॅसलरॉक. करार १८९२ साली संपला, मार्ग राहिला.

आता हा मार्ग नकाशावर पाहा. तो सगळा मांडवीच्या दक्षिणेला आहे. डिचोलीच्या माणसाला गाडी गाठायची तर आधी नदीने पणजी, तिथून पुन्हा पाणी ओलांडून मुरगाव किंवा मडगाव. पेडण्याच्या माणसाला त्याआधी शापोरा उतरायची. सावंतवाडीच्या अंगाने आंबोली चढून बेळगावचे स्टेशन गाठणे त्यापेक्षा फारसे कठीण नव्हते. थोडक्यात, या रेल्वेने आपल्याला दिले फार थोडे. तिच्यासाठी झालेल्या कराराचा चटका मात्र मिठागरांना बसला. आगर हा शब्द ज्यांच्या नावातच आहे त्या आगरवाड्यासारख्या गावांना मिठाचा मक्ता म्हणजे काय ते सांगावे लागले नसेल.

तरी या गाडीने एक नवा प्रवासी निर्माण केला. १८९० च्या डिसेंबरात जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाचे प्रदर्शन झाले, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या भाविकांना प्रथमच घाटावरून लोहमार्गाची वाट होती. जुने गाव पाहण्यासाठी चार दिवस गोव्यात येणे तेव्हापासून सोपे झाले.

पेडणे-डिचोलीचा खरा रस्ता मुंबईचा होता आणि तो पाण्यावरून जात होता. वेंगुर्ल्याहून किंवा पणजीहून बोट पकडायची, डेकवर पथारी टाकायची आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला उतरायचे. पावसाळ्यात तेही बंद. चाकरीसाठी गेलेला माणूस म्हणून वर्षातून एकदाच, फार तर दोनदा येई. दोन दिवसांची सुट्टी त्याच्या उपयोगाची नव्हती, कारण ती बोटीवरच संपली असती.

मग १९५४-५५ चा काळ आला. भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली, सरहद्दीवरची रेल्वे वाहतूक थांबली, मुंबईच्या बोटीही बंद पडल्या. पेडण्याचे सोयरेसंबंध पिढ्यान्‌पिढ्या बांदा-सावंतवाडीकडे. माहेर पलीकडे आणि सासर अलीकडे, मधे बंदूकधारी पहारा. लहान प्रवास बंद पडणे म्हणजे काय हे आपल्या तालुक्याइतके कुणाला कळले असेल? एरवी बैलगाडीने सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचणारी मुलगी वर्षानुवर्षे माहेराला मुकली.

याच काळात सरहद्दीवरून वेगळ्या प्रकारचे प्रवासी आत आले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी देशभरातून आलेले सत्याग्रही पत्रादेवीपाशी निःशस्त्र आत शिरले आणि गोळीबारात पडले. तिकडे कॅसलरॉकच्या बाजूनेही सत्याग्रहींच्या तुकड्या निघाल्या होत्या. ही माणसे बहुतेक दूरच्या गावांची होती. आपला तालुका त्यांनी जन्मात प्रथम पाहिला तो त्या दिवशी, आणि काहींनी शेवटचाही.

मुक्तीनंतर गाड्या आणि बोटी पुन्हा सुरू झाल्या. ‘कोंकण सेवक’, ‘कोंकण शक्ती’ ही नावे अजून आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. पण किनाऱ्याने रेल्वे हवी, ही मागणी कोकणात जुनीच होती. बॅ. नाथ पै यांनी ती संसदेत लावून धरली, प्रा. मधु दंडवते यांनी ती पुढे नेली आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन यांच्याकडे सूत्रे आली.

गोव्यात या मार्गावरून मोठा वाद झाला, तो आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. खाजन शेती, दाट वस्ती आणि जुन्या गोव्याचा वारसा यांना धक्का न लावता मार्ग आतल्या तालुक्यांतून न्यावा असे एक मत होते. १९९३ साली काम थांबले, न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग बसला आणि अखेर मूळच्याच रेषेवर काम झाले. मार्ग आत सरकला असता तर डिचोलीची गोष्ट कदाचित वेगळी झाली असती. आज डिचोलीकराचे स्टेशन म्हणजे बार्देशातले थिवी. डिचोलीचे लोहखनिज बार्जेसमधून मांडवीने मुरगावला आणि तिथून जगभर गेले, पण डिचोलीच्या माणसाला गाडीत बसायला दुसऱ्या तालुक्यात जावे लागते.

पेडण्याला स्टेशन मिळाले, पण पेडण्याच्याच भूमीने सगळ्यांत जास्त वाट पाहायला लावली. रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या या सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गात नव्वदाहून अधिक बोगदे आहेत. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. पेडण्याचा जेमतेम दीड किलोमीटरचा, तरीही सगळ्यांत शेवटी पुरा झाला तो हाच. डोंगर खडकाचा नव्हता, पाण्याने भिजलेल्या मऊ मातीचा होता. खणावे तेवढे वरून पुन्हा खाली येई. उत्तरेचा आणि दक्षिणेचा मार्ग तयार होऊन मधे पेडण्याची माती अडून बसली होती. १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी सगळा मार्ग खुला झाला. या मार्गाच्या कामात प्राण गेलेल्यांचे स्मारक रत्नागिरीला आहे. त्या मातीने अजून हट्ट सोडलेला नाही. ६ ऑगस्ट २०२० रोजी बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या पुणे-मिरजमार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरून वाहतूक पुन्हा थांबली.

१९९८ नंतर रात्री मुंबईत चढलेला माणूस सकाळी पेडण्यात उतरू लागला. सुट्टी, स्वस्त तिकीट आणि आटोक्यातले अंतर या इंग्लंडातल्या तीन गोष्टी आपल्याकडे दीडशे वर्षांनी जुळल्या. त्याचे दोन परिणाम झाले. गणेशचतुर्थीला चाकरमानी दोन दिवसांसाठीही येऊ शकला. ज्या घरांना वर्षभर कुलूप असे तिथे आता मधेच दिवा दिसतो. दुसरीकडे, हरमल, मांद्रे, मोरजी आणि केरीच्या पुळणीवर परका प्रवासी वाढला. ज्या वाळूत आपण होड्या ओढल्या, जाळी सुकवली, ती वाळू विकाऊ झाली. त्यात आपल्यापैकी काहींची घरे उभी राहिली आणि काहींची गेली, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. आता मोपाच्या विमानतळाने ही गती आणखी वाढवली आहे.

माझी खंत वेगळी आहे. पत्रादेवीपासून काही मैलांवरून रोज गाड्या सरहद्द ओलांडतात आणि आतल्या माणसाला ती ओलांडल्याचे कळतही नाही. हे स्वातंत्र्याचे फळ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण परक्याला ठाऊक नाही ते आपल्या मुलांनाही ठाऊक नसावे? येणारा प्रवासी समुद्र पाहून जातो, आणि आपली मुले गाडीत बसतात ती शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी, बाहेर जायला. आपलेच जुने गाव पाहायला कुणी गाडीत बसत नाही.

म्हणून या व्याख्यानाचा शेवट एका साध्या सूचनेने करतो. एका शनिवारी मुलानातवंडांना घेऊन पेडण्याला पॅसेंजर गाडीत बसा. थिवी गेले की मांडवीचा पूल येतो आणि दिवाडी दिसते. त्या बेटावर सप्तकोटेश्वराचे मूळ देवालय होते. करमळीला उतरा, जुने गोवे पाहा, व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर या आणि फेरीबोटीने दिवाडीला जा. बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्व्याला उतरलात की तुम्ही डिचोली तालुक्यात आहात. दिवाडीचा देव भक्तांनी असाच नदीपार आणला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दारावरचा शिलालेख मुलांना वाचून दाखवा. मग डिचोलीत नमाजगा पाहा. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाने डिचोलीत राहिला होता, त्या दिवसांची ती आठवण आहे. रात्री कुणा नातलगाकडे मुक्काम करा, सकाळी हरवळ्याची लेणी पाहा आणि थिवीला येऊन परतीची गाडी धरा.

दोन दिवस आणि थोडे पैसे, एवढाच खर्च. १८८८ सालची गाडी आपल्यासाठी आली नव्हती. १९९८ सालची आपल्या मातीतून वाट काढत आली आहे. तिच्यात बसून निदान एकदा आपण आपल्याच घरी जाऊ या.