खो-खोच्या संघातले ‘राखीव’ खेळाडू: निवड कशी होते, मैदानात कधी उतरतात आणि प्रमाणपत्राचं काय?

‘माझी मुलगी संघात आहे, पण राखीव आहे.’ शालेय खो-खो स्पर्धांच्या दिवसांत पंढरपूर तालुक्यातल्या अनेक घरांत हे वाक्य ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा थोडी नाराजी असते. राखीव म्हणजे बाकावर बसणारी, पाण्याच्या बाटल्या सांभाळणारी आणि गरज पडली तरच उतरणारी, असा समज पक्का आहे.

प्रत्यक्षात खो-खोसारख्या खेळात राखीव तिघांवर संघाचं बरंच काही अवलंबून असतं. राखीव खेळाडू नेमका कोण, त्याची निवड कशावर होते, तो कधी खेळू शकतो आणि त्याचे हक्क काय, ते समजून घेऊ.

बारा जणांचा संघ, नऊ जण मैदानात

पारंपरिक खो-खोत संघाच्या यादीत १२ खेळाडू असतात. त्यांपैकी ९ जण मैदानात खेळतात आणि उरलेले ३ राखीव असतात. कबड्डीतही यादी १२ जणांचीच असते, पण मैदानात ७ जण उतरतात. म्हणजे कबड्डीच्या प्रशिक्षकाच्या हाताशी पाच राखीव, तर खो-खोच्या प्रशिक्षकाकडे फक्त तीन. खो-खोत राखीव निवडताना चूक झाली तर ती भरून काढायला जागा कमी, ती यामुळेच.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात. राज्याचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय आणि त्याच्या अखत्यारीतली जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयं त्या घेतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत संघ पुढे जातो. पंढरपूरचा विजेता संघ आधी सोलापूर जिल्ह्याच्या स्पर्धेत आणि तिथून पुणे विभागात खेळतो. राज्य स्पर्धेनंतर राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी महाराष्ट्राचा संघ निवडला जातो.

सोलापूर जिल्ह्यात या खेळाला मोठी परंपरा आहे. पंढरपूर तालुक्यातलं वाडीकुरोली आणि माळशिरस तालुक्यातलं वेळापूर ही गावं खो-खोसाठी राज्यभर ओळखली जातात. अशा भागात तालुक्याचा सामनाही सोपा नसतो, आणि एका दुखापतीमुळे संपूर्ण हंगाम संपू शकतो.

‘राखीव’ आणि ‘स्टँडबाय’ यांत फरक काय?

हे दोन शब्द बोलताना सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण ते वेगळे आहेत.

राखीव खेळाडूचं नाव यादीत असतं. त्याच्याकडे ओळखपत्र असतं, तो संघासोबत प्रवास करतो आणि पंचांच्या परवानगीने त्याच सामन्यात उतरू शकतो.

स्टँडबाय खेळाडू यादीच्या बाहेर असतो. स्पर्धेआधी कुणी बाद झालं, तरच त्याचा नंबर लागतो. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या महिला आणि पुरुष संघांत प्रत्येकी १५ खेळाडू होते आणि दोन्ही संघांसाठी तीन-तीन स्टँडबाय वेगळे जाहीर झाले होते. भारताने दोन्ही अंतिम सामने नेपाळविरुद्ध जिंकले.

शाळेत हा फरक पालकांनी पहिल्याच दिवशी विचारून घ्यावा: ‘सर, नाव बारा जणांत आहे की बाराच्या बाहेर?’ सरावाला येणारी वीस-पंचवीस मुलं आणि यादीतली बारा मुलं, यांत खूप अंतर असतं.

राखीव तिघांची निवड कशी होते?

‘सगळ्यांत चांगले नऊ मैदानात आणि त्यानंतरचे तीन राखीव’ अशी सरळ उतरंड लावली, तर संघ फसण्याची शक्यता जास्त. खो-खोत दोन पूर्ण वेगळी कामं आहेत: आक्रमण आणि संरक्षण. राखीव खेळाडू कुठल्या कामाची जागा भरून काढणार, हे आधी ठरवावं लागतं.

आक्रमणात आठ गडी मधल्या पट्ट्यातल्या चौकोनांत बसतात. शेजारशेजारच्या दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना असतात. नववा गडी पाठलाग करतो. त्याने एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही आणि मधला पट्टा ओलांडता येत नाही. म्हणून बैठ्या गड्याला मागून खो देऊन पाठलाग पुढे सोपवावा लागतो. खांबाजवळ बसणाऱ्यांचं काम आणखी वेगळं. खांबाला धरून सूर मारत गडी टिपणं ही खास कला आहे आणि ती प्रत्येकाला जमत नाही.

संरक्षणात तीन-तीन जणांच्या तुकड्या उतरतात. पहिली तुकडी बाद झाली की दुसरी येते. वरिष्ठ गटात एक पाळी ९ मिनिटांची असते, लहान वयोगटात वेळ कमी असतो. इथे वेगापेक्षा दम, हुलकावणी आणि आक्रमकाची दिशा ओळखण्याची नजर जास्त कामाची.

त्यामुळे अनुभवी प्रशिक्षक तीन राखीव साधारण असे शोधतात:

• एक असा, जो खांबाजवळ बसू शकतो आणि सूर मारू शकतो. संघातला मुख्य खांबपटू जायबंदी झाला, तर सर्वाधिक नुकसान तिथेच होतं.

• एक असा, जो संरक्षणात दोन-अडीच मिनिटं टिकून राहू शकतो. आक्रमणात तो सरासरी असला तरी चालतो.

• एक अष्टपैलू, जो कुठल्याही चौकोनात आणि कुठल्याही तुकडीत बसतो. डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही बाजूंना तितक्याच वेगाने उठण्याची त्याची सवय हवी.

म्हणजे वेगाच्या चाचणीत दहावा आलेला मुलगा यादीत येईलच असं नाही. बारावा आलेला, पण खांबावर तयार असलेला मुलगा त्याच्या आधी येऊ शकतो. हे मुलांना आणि पालकांना मोकळेपणाने सांगितलं, तर ‘वशिल्याने घेतलं’ ही कुजबुज बरीचशी थांबते. चाचणीत काय मोजणार ते आधी जाहीर करणं आणि निवडीनंतर प्रत्येकाला त्याची भूमिका एका वाक्यात सांगणं, एवढंही पुष्कळ असतं.

अमेरिकेतल्या शाळांच्या चिअरलीडिंग संघांतही हीच अडचण असते. तिथे एका मुलीला उचलून वर धरणारा गट असतो: खाली पेलणाऱ्या, मागून सावरणारी आणि वर जाणारी. त्यांतली एक जरी आली नाही, तरी ती रचना उभीच राहत नाही. म्हणून पर्यायी खेळाडूला एकाहून जास्त जागा शिकवून ठेवतात. आपल्याकडे दहीहंडीचा थर लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जिथे जागा ठरलेल्या आहेत, तिथे पर्यायी माणूस त्या जागेसाठी तयार झालेला लागतो.

मैदानात बदल कसा होतो?

संरक्षणाच्या पाळीआधी धावणाऱ्यांची नावं क्रमाने गुणलेखकाकडे द्यावी लागतात. नऊच्या नऊ गडी वेळेआधी बाद झाले, तर त्याच क्रमाने पुन्हा उतरावं लागतं. त्यामुळे एखाद्याच्या जागी राखीव खेळाडू आणायचा, तर प्रशिक्षकाने पंचांना सांगून, परवानगी घेऊनच तो बदल करायचा असतो. बदल कधी आणि किती करता येतील, हे स्पर्धेच्या नियमांवर ठरतं. सामन्याआधी होणाऱ्या बैठकीत ते विचारून घेणं हे संघ व्यवस्थापकाचं काम.

कबड्डीत हे तुलनेने सोपं आहे. विश्रांतीच्या वेळी किंवा मध्यंतरात पंचांच्या परवानगीने पाच राखीव खेळाडूंपर्यंत बदल करता येतो आणि बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आतही येऊ शकतो. मात्र पंचांनी एखाद्याला निलंबित केलं, तर त्याच्या जागी दुसरा देता येत नाही.

एक गोष्ट सगळीकडे सारखी: यादीत नाव नसलेला खेळाडू आयत्या वेळी उतरवता येत नाही. गावातला कितीही चांगला खेळाडू मैदानाबाहेर उभा असो, उपयोग यादीतल्या बारा जणांचाच.

राखीव खेळाडू उतरला की चूक कुठे होते?

समजा, दुसऱ्या तुकडीतल्या मुलीचा पाय मुरगळला. मध्यंतरानंतर तिच्या जागी राखीव मुलगी आक्रमणाला बसली. ती अर्धा तास बाकावर होती, अंग थंड पडलेलं आहे आणि डोक्यात एकच विचार: मिळालेली संधी घालवायची नाही. अशा वेळी सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे खो मिळण्याआधीच उठणं. तो फाउल ठरतो आणि त्या गोंधळात हाताशी आलेला गडी निसटतो.

यावर उपाय सामन्याच्या दिवशी सापडत नाही, तो सरावात करावा लागतो:

• आठवड्यातून किमान एका सराव सामन्यात राखीव तिघांना मुख्य संघात बसवावं, तेही सुरुवातीपासून.

• प्रत्येक राखीव खेळाडूला त्याचे ठरलेले दोन चौकोन आणि ठरलेली तुकडी माहीत असावी.

• सामन्यात राखीव तिघांनी प्रत्येक पाळीत अंग गरम ठेवावं. पाळी संपताना धावून घेणं, उठबस करणं, एवढं पुरतं.

• बाकावर बसून प्रतिस्पर्धी कुठल्या बाजूला हुलकावणी देतो, कोण दमलंय, हे पाहण्याचं काम त्यांना वाटून द्यावं. हे मध्यंतरात सांगायचं असतं. पाळी चालू असताना बाहेरून ओरडलं तर पंच आक्षेप घेऊ शकतात.

पंढरपुरात सरावाची एक वेगळी अडचणही असते. आषाढीच्या दिवसांत लाखो वारकरी शहरात येतात, शाळांना सुट्टी असते आणि मैदानं, रस्ते सगळं गजबजलेलं असतं. हंगाम सुरू होण्याच्या तोंडावरच सराव तुटतो. नियमित नऊ जणांची एकमेकांशी लय असते, ती लवकर परत येते. राखीव मुलांची लय आधीच कच्ची असते. म्हणून वारीनंतरचा पहिला आठवडा राखीव खेळाडूंना जास्त खेळवायला हवं. अनेकदा नेमकं उलट होतं.

दुखापत लपवण्याचा प्रश्न

राखीव खेळाडूंचा विषय येतो तेव्हा याबद्दल कमी बोललं जातं. जागा जाईल या भीतीने नियमित खेळाडू दुखापत सांगत नाही. मुरगळलेल्या घोट्याला पट्टी गुंडाळून खेळतो. सूर मारताना डोकं आपटलं तरी ‘काही नाही सर’ म्हणतो. मुली पोटदुखी लपवतात, कारण प्रशिक्षकाला सांगायचं कसं, हाच प्रश्न असतो.

जागतिक क्रिकेटने डोक्याच्या दुखापतीसाठी बदली खेळाडूचा नियम २०१९ साली स्वीकारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. या नियमाने बदली खेळाडू खराखुरा फलंदाजी करू शकतो, म्हणून जखमी खेळाडूवर आणि संघावर खेळत राहण्याचं दडपण कमी होतं.

शाळेच्या मैदानावर हाच तर्क लागू होतो. राखीव खेळाडू तयार असेल, तर जखमी मुलाला बाहेर काढणं प्रशिक्षकाला जड जात नाही. राखीव तयार नसेल, तर ‘अजून चार मिनिटं काढ’ असं सांगायचा मोह होतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या घोट्यासाठी ती चार मिनिटं महाग पडू शकतात. डोक्याला मार लागला असेल, चक्कर किंवा मळमळ होत असेल, तर त्या दिवशी पुन्हा खेळवायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. त्यावर चर्चा नको. बरा झाल्यावर तुझी जागा तुला परत मिळवता येईल, हे प्रशिक्षकाने आधीच सांगितलेलं असलं, तर मुलं दुखणं लपवत नाहीत.

प्रमाणपत्र आणि गुण

पालकांचा खरा प्रश्न बहुतेक वेळा इथे असतो. दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र खेळाडूंना स्पर्धेच्या स्तरानुसार वाढीव गुण मिळतात, जास्तीत जास्त २५. पुढे सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. म्हणजे शालेय मैदानावरचा कागद अनेक वर्षांनी कामी येऊ शकतो.

म्हणून राखीव खेळाडूच्या पालकांनी हे तपासावं:

• ऑनलाइन नोंदणीत आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याच्या यादीत पाल्याचं नाव आहे का? नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख शाळेच्या नोंदीप्रमाणेच आहे ना?

• सामन्याच्या दिवशी मूळ ओळखपत्र सोबत आहे का?

• संघ पुढच्या स्तरावर गेल्यावर यादी तीच राहिली की बदलली? बदलली असेल तर का, हे शाळेला लगेच विचारावं.

• प्रमाणपत्र मिळाल्यावर स्पर्धेचं नाव, स्तर, वर्ष आणि क्रमांक नीट वाचला का?

वाढीव गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि त्याला मुदत असते. त्या वर्षीच्या अटी शाळेत किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्याव्यात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या जुन्या परिपत्रकाच्या फोटोवर विसंबू नये.

थोडक्यात

खो-खोत राखीव फक्त तीन असतात, म्हणून त्यांची निवड गुणांच्या उतरंडीपेक्षा भूमिकेवर व्हायला हवी. यादीतला राखीव आणि यादीबाहेरचा स्टँडबाय वेगळे. बदल पंचांच्या परवानगीनेच होतो. राखीव खेळाडू तयार असेल, तरच जखमी खेळाडूला वेळेवर विश्रांती मिळते.

आणि घरात कुणी ‘राखीव आहे’ असं खाली मान घालून सांगितलं, तर एकच प्रश्न विचारा: ‘कुठल्या जागेसाठी?’ त्याचं उत्तर मुलाला येत असेल, तर प्रशिक्षकाने काम नीट केलंय. येत नसेल, तर उद्याच्या सरावात त्याने ते सरांना विचारायला हवं.