तळटीप : ‘बरे झालेले उंदीर’

मूळ मजकुरातील हे शब्द जपून वाचावेत. चागास रोगाचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा क्रूझी, तीव्र अवस्था सरली की रक्तातून जवळजवळ दिसेनासा होतो आणि ऊतींमध्ये दडून बसतो. प्रतिपिंडांची चाचणी इथे फारशी उपयोगाची नाही. परजीवी मेल्यानंतरही प्रतिपिंडे दीर्घकाळ टिकतात. रक्ताच्या पीसीआर चाचणीत काही न सापडणे, हाही पुरेसा पुरावा नव्हे. म्हणून उपचारानंतर उंदराला सायक्लोफॉस्फामाइड देऊन त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम खच्ची करतात. परजीवी उरला असेल, तर तो डोके वर काढतो.

पोसाकोनाझोल हे बुरशीरोधक औषध उंदरांवर गुणकारी वाटले होते. २०१४ साली स्पेनमधील रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले आणि आशा मावळली: बहुतेकांच्या रक्तात परजीवी परतला होता. जुने औषध बेन्झनिडाझोलच सरस ठरले.

पुढे लंडनच्या संशोधकांनी काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या जनुकाच्या धर्तीवरचे जनुक परजीवीतच बसवले. ल्युसिफेरिन हे द्रव्य टोचले की परजीवी उजळतो आणि जिवंत उंदराच्या पोटात तो कुठे आहे, हे कॅमेऱ्याला दिसते. या कसोटीवर पोसाकोनाझोल उंदरांतही नापास झाले. जुनाट संसर्गात परजीवीचा मुक्काम मुख्यतः मोठ्या आतड्यात आणि जठरात आढळला. रक्ताच्या थेंबात त्याचा माग लागणार कसा?