युरोपीय संघ : ऑनलाइन मंचांवरील कमाईची कर प्रशासनाकडे नोंद

घर व वाहने भाड्याने देणे, व्यक्तिगत सेवा आणि वस्तुविक्री यांचे व्यवहार जुळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचांना युरोपीय संघात १ जानेवारी २०२३ पासून विक्रेत्यांची माहिती कर प्रशासनाला कळवावी लागते. २०२१ च्या ‘डीएसी-७’ निर्देशाने हे बंधन घातले. विक्रेत्याचे नाव, पत्ता, करदाता क्रमांक, मिळालेला मोबदला आणि मंचाने घेतलेले शुल्क हा वर्षभराचा तपशील पुढील ३१ जानेवारीपर्यंत सादर करायचा असतो. तोच विक्रेत्यालाही द्यावा लागतो.

वर्षात ३० हून कमी वेळा वस्तू विकून २,००० युरोपर्यंत मोबदला मिळवणाऱ्यांना यातून वगळले आहे. ही सूट वस्तुविक्रीपुरतीच आहे. घरातील एखादी खोली काही दिवस भाड्याने दिली तरी त्या कमाईची नोंद होते. दोन स्मरणपत्रांनंतर आणि ६० दिवस उलटल्यावरही माहिती न देणाऱ्याचे खाते बंद करणे किंवा मोबदला रोखणे मंचाला भाग असते.

या निर्देशाने नवा कर लावलेला नाही. विक्रेत्याचे विवरणपत्र पडताळून पाहण्याचे साधन प्रशासनाला मिळाले आहे. येथे नागरिकत्व नव्हे, तर निवास किंवा मालमत्तेचे ठिकाण निर्णायक असते. त्यामुळे संघातील देशांत राहणारे वा तेथील घर भाड्याने देणारे भारतीयही या नियमांच्या कक्षेत येतात.