वसई ते गोवा, व्हाया पुणे (आणि 1739)

तर मंडळी, बेत ठरला आहे. डेक्कन क्लिफहँगर. पुण्याहून निघायचं आणि गोव्यात पोचायचं, सुमारे साडेसहाशे किलोमीटर, वाटेत झोप नाही. आम्ही चौघांचा रिले संघ करतोय. दोन सॉफ्टवेअरवाले, एक बँकेतला आणि एक दातांचा डॉक्टर. हे सगळं अंतर एकट्याने मारणारे महाभागही असतात, त्यांना आमचा दुरूनच नमस्कार.

ही शर्यत 2014 पासून होते. अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या 'रॅम'ची ती पात्रता शर्यत. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू, महेंद्र आणि हितेंद्र, यांनी 2015 साली दोघांच्या संघात रॅम पूर्ण केली. 2017 साली श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पूर्ण केली. तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येक गावात दोन-चार तरी येडे तयार झालेत, जे रविवारी पहाटे चारला उठून घट्ट चड्ड्या घालून हायवेवर जातात. वसई-विरारमधल्या अशा येड्यांपैकी आम्ही चार.

आता सॉफ्टवेअरवाले म्हटल्यावर एक्सेल शीट आलंच. सायकली पुण्याला कशा न्यायच्या, सराव कुठे करायचा, परत कसं यायचं, सगळ्याचे रकाने. ते शीट आणि शेजारच्या खिडकीत नकाशा उघडून बसलो होतो. वसई, पुणे, मडगाव अशा तीन टाचण्या लावल्या आणि एकदम वाटलं, हा नकाशा आपण आधी पाहिलाय. शाळेत नव्हे. शाळेत फक्त "चिमाजी अप्पांनी वसई जिंकली" एवढं एक वाक्य होतं, रिकाम्या जागा भरायला. पण त्या मोहिमेचा सगळा पसारा नकाशावर मांडला तर याच तीन टाचण्या येतात.

जरा आमच्या नेहमीच्या राइड्सपासून सुरुवात करतो, म्हणजे जागा डोळ्यासमोर येईल.

आठवड्यात हापिस सांभाळून जमते ती पश्चिमेची फेरी. विरारहून आगाशी, अर्नाळ्याचा किनारा, मग वाघोली, निर्मळ, गास, भुईगाव करत वसईचा किल्ला आणि सोपाऱ्यावरून परत. चाळीसेक किलोमीटर, सगळं सपाट. केळीच्या बागा, बावखळं, फुलांचे मळे, चर्च, देवळं, आणि चक्क सावली. (ही सावली आपोआप टिकलेली नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीची माणसं बिल्डरांच्या वाढत्या दहशतीसमोर उभी राहिली म्हणून ती आहे. फादर 2024 साली गेले. स्टेशनच्या पूर्वेला जाऊन बघा, म्हणजे फरक सांगावा लागणार नाही.)

रविवारी लांबची राइड. विरारहून शिरसाड फाटा, पारोळ, वज्रेश्वरी. जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर, थोडे चढ-उतार. देवळाच्या पायऱ्यांशी बसून वडापाव खाताना बाजूच्या माणसाला विचारलं तरी तो सांगेल की हे देऊळ चिमाजी अप्पांच्या नवसाचं. वसई हाती आली तर देऊळ बांधीन असं ते बोलले होते, अशी इथली परंपरा. देऊळ चांगलं किल्ल्यासारखं, उंचावर आणि तटबंदीचं आहे.

नवस बोलायची वेळ का यावी, हे किल्ल्यापाशी सायकल लावून पाहिलं की कळतं. दक्षिणेला खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला दलदल. कोरडी जमीन फक्त उत्तरेला. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली आणि पुढची दोनशे वर्षं उत्तर फिरंगाणाचा कारभार इथून चालला. पाण्यावर त्यांची जहाजं होती, त्यामुळे तीन बाजूंची काळजी त्यांना नव्हतीच.

1737 च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, साष्टी घेतली. पण वसईवरचे त्या वर्षीचे हल्ले फसले. शिड्या लावून चढायला गेलेली माणसं तटावरून मारली गेली. मग चिमाजी अप्पांनी केलं ते मला कुठल्याही चांगल्या प्रोजेक्ट प्लॅनइतकं आवडतं. त्यांनी वसईला हात लावायच्या आधी वसईला मदत कुठून येऊ शकते याची यादी केली असावी, इतक्या पद्धतशीरपणे एकेक दार बंद होत गेलं. जानेवारी 1739 मध्ये उत्तरेची केळवे-माहीम आणि तारापूर ही ठाणी घेतली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. मग फेब्रुवारीत वसईला वेढा. मार्चमध्ये खाडीच्या पलीकडच्या काठावरचा, भाईंदरच्या बाजूचा धारावीचा किल्ला घेतला. आता खाडीच्या तोंडावर दोन्हीकडून मराठे.

आणि सगळ्यात लांबचं दार म्हणजे गोवा. तिथून कुमक आली असती तर सगळं मुसळ केरात. म्हणून इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांना (बाजीरावांच्या बहिणीचे, अनूबाईंचे यजमान) त्याच सुमारास गोव्यावर पाठवलं. त्यांनी मडगाव घेतलं, राशोलच्या किल्ल्याला वेढा घातला. गोव्याच्या व्हाइसरॉयला स्वतःचंच घर सांभाळायची पाळी आली, वसईला तो काय पाठवणार! गंमत म्हणजे मडगावच्या त्या मुलखाचं नावही साष्टीच. ठाण्याची साष्टी आणि गोव्याची साष्टी, दोन्ही सहासष्ट गावांवरून पडलेली नावं. एकाच लढाईच्या या दोन साष्ट्या. कागदपत्रं वाचताना कुठली कुठली हे दर वेळी तपासावं लागतं.

वरून दोन घड्याळं चालू होती. मार्चमध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली, बाजीरावांना उत्तरेची चिंता, फौज लवकर मोकळी व्हायला हवी. आणि दुसरं घड्याळ पावसाचं. वसईतला जून ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको, त्या चिखलात खंदक आणि सुरुंग शक्यच नव्हते. उत्तरेच्या बाजूने सुरुंग लावत लावत मराठे सान सेबास्तियन बुरुजाखाली पोचले. मे महिन्यात बुरूज उडाला, काही हजार माणसं पडली, आणि कायतान द सोझा परेरा या किल्लेदाराने शरणागतीच्या अटींवर सही केली. पाऊस जेमतेम काही आठवड्यांवर होता.

असो. आता आमच्या शीटकडे परत.

पहिला रकाना, वसईतून बाहेर कसं पडायचं. हसू नका. रेल्वेचा पूल 1864 पासून आहे, विरारहून मुंबईला पहिली लोकल 1867 च्या एप्रिलात गेली, आणि तेव्हापासून आपल्याला वाटतं की नायगावच्या पुढचं स्टेशन भाईंदर, म्हणजे भाईंदर शेजारी. सायकल हातात घेतली की ते शेजारपण संपतं. रस्त्याने जायचं तर पूर्वेला हायवेपर्यंत, मग वर्सोव्याच्या पुलावरून घोडबंदर. भाईंदरला जाण्यासाठी हा एवढा वळसा! 2016 च्या अखेरीस तो पूल दुरुस्तीला काढला तेव्हा इथल्या लोकांनी काय भोगलं ते आठवत असेल. नवा पूल 2023 साली आला. त्याहून मला आवडलेली गोष्ट म्हणजे 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालेली वसई-भाईंदर रो-रो. किल्ल्याच्या बंदरातून सायकल बोटीत चढवायची, थोड्याच वेळात पलीकडे. दीडशे वर्षं आपण खाडी फक्त लोकलच्या खिडकीतून बघतोय. तिच्यावरून सायकल घेऊन गेलो तेव्हा मागे किल्ल्याचा तट आणि पुढे धारावीच्या बाजूचा डोंगर, मध्ये ओढीचं पाणी. दोन्ही काठ हातात असल्याशिवाय ही खाडी बंद होत नाही, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

हे फक्त इतिहासप्रेमी लोकांचं कौतुक नाही. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्यात बुडालं, नालासोपाऱ्याला गाड्या थांबल्या, मिठागरातली माणसं अडकली. ज्या दलदलीच्या जोरावर पोर्तुगीज पूर्वेकडून निर्धास्त होते, त्याच सखल भागात भराव टाकून इमारती चालल्यात. पाणी जुना नकाशाच वापरतं. आमच्या पूर्वेच्या राइडमध्ये दर पावसाळ्यानंतर एखादा रस्ता वगळावा लागतो, त्याचाही रकाना आहे शीटमध्ये.

पुण्याला आम्ही सायकलनेच जायचं ठरवलंय, सराव म्हणून. वसई, चिंचोटी, कामण, भिवंडी, कल्याण, तिथून कर्जत, खोपोली आणि बोरघाट. दोनशेच्या जवळपास किलोमीटर. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी, त्यामुळे जुना रस्ता, जो माल्कम गव्हर्नर असताना 1830 साली बांधून खुला झाला. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर उंची चढायची. आम्हा वसईकरांना घाट म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल! त्याच्यावरून वीस वेळा वर-खाली करणारे चार येडे दिसले तर ते आम्हीच. पेशव्यांच्या फौजा कोकणात याच सह्याद्रीवरून उतरल्या. आम्ही उलटे चढणार, आणि तोफा आमच्याकडे नाहीत हे नशीब.

पुण्यात पोचल्यावर एक दिवस पसरणीच्या घाटाला ठेवलाय. वाईला मुक्काम, पहाटे पाचगणीपर्यंत चढाई, उतरल्यावर मेणवली. मेणवली माझ्या हट्टाची. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक भली मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया. वसईच्या विजयात चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ती एक मानतात. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि भीमाशंकरलाही अशा घंटा आहेत. आमच्यातला बँकवाला गासचा, घरी सामवेदी बोलणारा कुपारी ख्रिश्चन. त्याला फोटो दाखवला तर तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आमच्याकडची हाय ना ही? मग भेटायलाच पायजे." विजयाची घंटा त्याच्यासाठी काय आहे हे मी त्याला विचारलं नाही. घाटाच्या रकान्यात त्याने स्वतःच मेणवलीसाठी अर्धा तास होता तिथे एक तास केला.

परतीचं त्या मानाने सोपं. वांद्रे-मडगाव गाडी 2024 पासून वसईवरून जाते. सायकली पार्सलच्या डब्यात टाकायच्या, आपण झोपायचं. गाडीच्या आदला दिवस मडगावात मोकळा ठेवलाय, बाकीचे तिघे समुद्रावर पडून राहणार आहेत. पाय चालले तर मी राशोलला जाऊन येईन, मडगावहून फार लांब नाही. किल्ल्याचा एक दरवाजा शिल्लक आहे म्हणतात.