दिवेलागणीची मर्यादा

"आमच्या वेळी मुली दिवेलागणीच्या आत घरात असत," हे वाक्य जळगाव-धुळ्याकडील प्रत्येक आई आपल्या मुलीला ऐकवीत आली आहे. त्यामुळे हा नियम फार पुरातन असावा, असा आपला समज होतो. परंतु इतिहास पाहिला म्हणजे निराळेच दिसते.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली असोद्यास झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावी सासरी आल्या. त्या काळची रीतच तशी होती. मुलगी जाणती होण्यापूर्वीच परघरची होई. बंधने असत ती सुनेवर, व देखरेख सासूची. आखाजीला माहेरी येऊन झोक्यावर गाणी म्हणावयाची, एवढाच काय तो मोकळेपणा!

पुढे शारदा कायदा आला व १९३० पासून मुलीच्या लग्नाचे वय निदान चौदा ठरले. १९४९ साली ते पंधरा आणि १९७८ साली अठरा झाले. कायदा झाला म्हणून रीत लगेच पालटली नाही. पण शाळा वाढल्या, १९४५ साली अमळनेरला प्रताप कॉलेज निघाले, आणि शिकणारी, अविवाहित, जाणती मुलगी हळूहळू घरोघर दिसू लागली. तिच्याशी कसे वागावे, हे आईबापांना कोणी शिकविले नव्हते. तेव्हा सुनेचेच नियम त्यांनी लेकीला लावले. त्यात माया होती, तशी लोकनिंदेची धास्तीही होती.

गंमत अशी की, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत याच मुली सायंकाळी भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर हिंडत. तेव्हा कोणी अडवीत नसे. कारण मैत्रिणींची सोबत असे आणि गल्ली ओळखीची असे. म्हणजे खरा प्रश्न घड्याळाचा नव्हता, सोबतीचा होता.

बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. पण जळगावला १९९० साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचेच नाव आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील मुली त्याच्या परीक्षा देतात. वर्ग वा अभ्यास आटोपून त्यांतील एखादीला परतावयास उशीर झाला, तर "इतका वेळ कुठे होतीस?" असे दारातच विचारण्याऐवजी "येताना सोबत कोण होते? रस्त्यावर दिवे होते ना?" असे आपण विचारू या. भगिनींनो, सोबत आणि दिवे यांची व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. नुसत्या धाकाने मुलगी घरात राहील. पण तिचे शिक्षण दाराबाहेरच राहून जाईल.