खाडा : एका न दिसणाऱ्या आजाराच्या नोंदी

खानदेशात शेतीचे साल आखाजीला बदलते. जुना सालदार हिशोब चुकता करून मोकळा होतो, नवा ठरतो, उचल घेतो आणि त्या दिवसापासून मालकाच्या वहीत त्याचे पान सुरू होते. ज्या दिवशी तो कामावर आला नाही, त्या दिवसाचा खाडा. वर्षअखेर खाडे मोजायचे आणि तेवढी रक्कम कापायची, नाहीतर तेवढे दिवस पुढे भरून घ्यायचे. खाडा कशामुळे पडला, हे वहीत लिहिण्याची रीत नाही. सालदार लग्नाला गेला, दारू पिऊन पडला की हाडांत अशी कळ उठली की त्याला खाटेवरून उतरता आले नाही, वहीच्या लेखी तिन्ही गोष्टी सारख्याच.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये हिशोब लिहिण्यात माझी नोकरी गेली. वह्या वाचायची सवय तिथे लागली आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात सुट्टीचे दिवस बसून काढायची सवय त्यातूनच जडली. रावेर-यावल भागातल्या शेतकरी घरांच्या जुन्या वह्या चाळताना काही पानांनी मला अडवले. वर्षभर नेटाने काम करणारा माणूस मधूनच चार दिवस, सहा दिवस गायब. पुन्हा महिनाभर एकही खाडा नाही. पुन्हा पाच दिवस. थंडीत हे जास्त. त्या नावांपुढे पावरा, भिल्ल, तडवी अशा जमाती लिहिलेल्या. आजच्या डॉक्टरला हे पान दाखवले, तर तो एका आजाराचे नाव लगेच घेईल. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र तसे करू नये. मेलेल्या माणसाचे रक्त तपासता येत नाही आणि खाड्यांवरून निदान करणे हा वैदूपणा झाला. तरी त्या पानांनी एक प्रश्न दिला, तो सुटत नाही. जो आजार डोळ्यांना दिसत नाही, येतो आणि जातो, त्याची नोंद आपल्या भागात आजवर कोणी, कुठे आणि कशी केली?

आजार सिकलसेलचा. रक्तातला तांबडा गोल पेशीकण प्राणवायू कमी पडला की विळ्यासारखा वाकडा होतो, कडक होतो आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतो. निरोगी तांबडा कण साधारण १२० दिवस जगतो. हा दहा-वीस दिवसांत फुटतो. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, डोळे पिवळे होतात आणि वाहिनी तुंबली की हाडांत असह्य वेदना होतात. पाणी कमी पडणे, थंडी, ताप, अतिश्रम ही वेदनेला निमित्ते. तान्ह्या मुलाच्या हातापायांची बोटे सुजतात. पुढे कुणाच्या मांडीचा खुबा झिजतो आणि तो लंगडू लागतो. आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा आजार होतो. एकाकडूनच आले तर माणूस वाहक असतो आणि बहुधा धडधाकट असतो. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता शंभरात २५.

आता कागदांकडे वळू. खानदेश १८१८ साली इंग्रजांकडे आला. १८२५ साली जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभी केली, तिचे ठाणे धरणगावला होते. त्या काळापासून इंग्रजांच्या लिखाणात सातपुड्याविषयी दोन गोष्टी सतत येतात. पहिली, पावसाळा संपला की डोंगराच्या पायथ्याचा ताप परक्या माणसाला जगू देत नाही. दुसरी, भिल्ल मात्र तिथे राहतो. कॅम्पबेलने संपादित केलेले खानदेशचे गॅझेटियर १८८० साली निघाले, त्यातही हवापाण्याचे वर्णन तापाशिवाय पुरे होत नाही. भिल्ल त्या हवेला सरावलेला आहे, हे त्या काळचे स्पष्टीकरण. तेव्हा ताप दूषित हवेतून येतो असे मानत. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात सापडला तो १८९७ साली, रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत.

'सरावलेला' या शब्दामागे काय दडले होते, ते कळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराचे कण पाहून त्यांची माहिती छापली. १९४९ साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष असल्याचे दाखवले. त्याच वर्षी जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलेसेमियासंबंधी एक तर्क मांडला : जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारतो, तिथे रक्तातला असा दोष वाहकाला उलट वाचवत असावा. हेच हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात राहायला आले. सिकलसेलच्या बाबतीत १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून ही गोष्ट दाखवून दिली. वाहकाला हिवताप होतो, पण त्याने मरण्याची भीती पुष्कळ कमी असते. भारतात निलगिरीच्या डोंगरातल्या लोकांत हा दोष १९५२ साली नोंदला गेला. महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. एस. एल. काटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे वर्षानुवर्षे आदिवासी भागांत तपासण्या केल्या. भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओटकर या समाजांत हे प्रमाण शंभरात २० ते ३५ पर्यंत आढळले.

म्हणजे गॅझेटियरने ज्याला हवेचा सराव म्हटले, त्यातला काही भाग रक्ताने दिलेली किंमत होती. 'काही भाग' हे शब्द मी जपून वापरतो. लहानपणी पुन्हापुन्हा ताप येऊन गेलेल्या माणसातही हिवतापाशी झगडण्याची ताकद येते आणि ती येण्याआधी किती लेकरे दगावली, ते कोणी मोजले नाही. शिवाय हा दोष म्हणजे आदिवासींचे काही वेगळे रक्त, असेही कोणी समजू नये. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राकाठी आणि विदर्भातल्या बिगर आदिवासी समाजांतही तो आहे. जिथे हिवताप मुक्कामाला होता, तिथे तो रुजला.

मग सरकारी मोजणीत हा आजार का आला नाही? त्याचे एक कारण हिवतापच. दोन्ही आजारांत पानथरी वाढते, दोन्हींत रक्त कमी होते, दोन्हींत ताप असतो. पोट फुगलेले मूल पाहिले की दवाखाना हिवतापाची नोंद करी. गावातला बडवा बाहेरची बाधा सांगे, नाहीतर पोटावर डाम देई. आपापल्या समजुतीप्रमाणे दोघेही उपचारच करत होते. आजाराला स्वतःचे नाव मात्र कोणाकडेच नव्हते.

दुसरे कारण जनगणनेच्या रकान्यांत आहे. १८७२ पासून १९३१ पर्यंत इंग्रजी अमदानीतल्या प्रत्येक जनगणनेत व्यंग असलेल्या माणसांची वेगळी मोजणी होई. १८८१ पासून रकाने चार : वेडे, मूकबधिर, आंधळे आणि महारोगी. गणना करणाऱ्याला सूचना असे, की आंधळा म्हणजे दोन्ही डोळ्यांनी, मूकबधिर म्हणजे जन्मापासूनचा, महारोग म्हणजे अंग झडणारा, आणि पांढरे कोड त्यात धरू नये. उंबऱ्यात उभे राहून एका नजरेत ओळखता येईल तेच व्यंग, असा त्यामागचा हिशोब. घरचे लोक महारोगी आणि वेडी माणसे लपवतात, त्यामुळे हे आकडे भरवशाचे नाहीत, असे जनगणनेच्या अहवालांतच वारंवार लिहिलेले आहे. अखेर १९३१ नंतर ही मोजणी बंद झाली. स्वतंत्र भारतात ती १९८१ साली एकदा झाली, १९९१ ला वगळली गेली आणि २००१ पासून पुन्हा आली. २०११ च्या जनगणनेत आठ प्रकार होते आणि देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. सातपुड्यातला सिकलसेलचा रुग्ण त्या आठांत शोधायचा, तर तो फार तर 'इतर' मध्ये. तोही घरच्यांनी सांगितले तर आणि गणना करणाऱ्याला ते पटले तर.

रकान्यात न बसणाऱ्या वेदनेला मग समाज स्वतःचे नाव देतो. आपल्याकडे ते नाव आळस. केळीच्या बागेत घड वाहणारा माणूस काल तीस-तीस किलो उचलत होता आणि आज उठत नाही, हे मुकादमाला पटत नाही. आंधळ्याचे आंधळेपण रोज सारखे असते, म्हणून त्यावर विश्वास बसतो. ज्याचे दुखणे सोमवारी असते आणि शुक्रवारी नसते, तो सोंगाड्या ठरतो. 'ही जातच कामचुकार' असे वाक्य गेल्या दोनशे वर्षांत अधिकारी, सावकार आणि शेतमालक या तिघांच्याही तोंडी आहे. त्यामागे जमिनी गेल्या, जंगल गेले, कर्ज चढले ही मोठी कारणे आहेतच. पण त्या वाक्याखाली किती अंगांची वेदना गाडली गेली, हा प्रश्न खानदेशच्या सामाजिक इतिहासात अजून नीट विचारलेला नाही.

कायद्याने तो २०१६ साली विचारला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि त्यांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया यांच्या जोडीने सिकलसेल आला. दीर्घ आजार हेही अपंगत्व असू शकते, हे देशाच्या कायद्याने मान्य केले. ही लहान गोष्ट नाही. पण तोच कायदा पुढे वाचला, की कलम ३४ लागते. सरकारी नोकऱ्यांतले ४ टक्के आरक्षण ज्या गटांना आहे, त्यांत रक्ताचे आजार नाहीत. उच्च शिक्षणातले ५ टक्के मिळू शकतात, पण त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला हवा. येणारी-जाणारी वेदना टक्क्यांत मोजायची कशी? तपासणीच्या दिवशी मुलगा बरा असला, तर तो कागदावरही बरा ठरण्याची भीती असते. शिरपूरच्या डोंगरपाड्यावरून जिल्ह्याच्या रुग्णालयात यायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते, ती वेगळीच.

दुसरीकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची, असे त्याचे उद्दिष्ट. तपासणी हवीच. लवकर कळले तर लसी, फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया यांनी माणसाचे आयुष्य आणि त्यातले सुख दोन्ही वाढते. माझी काळजी निर्मूलन या शब्दाविषयी आहे. जनुकातून आलेला आजार देवीच्या रोगासारखा लस टोचून जात नाही. तो संपवायचा, तर कोणी कोणाशी लग्न करावे इथवर विषय येतो. पावरा आणि भिल्ल समाजांत सोयरीक कुळ पाहून ठरते, देज ठरते. त्या बोलणीत आता रक्ताचा अहवाल आला आहे. तो सल्ला म्हणून आला तर उपयोगाचा. पण वाहक मुलगी म्हणजे खोट असलेली मुलगी, असे कोणी समजले तर घात होतो. मूल आजारी निघाले तर दोष आईचा, ही समजूत आपल्याकडे आधीच पक्की आहे. दोष दोघांकडून येतो, हे विज्ञान तिथवर पोहोचायला वेळ लागेल.

ही भीती काल्पनिक नाही, कारण महारोगाचा इतिहास आपल्यासमोर आहे. १८९८ च्या कायद्याने भीक मागणाऱ्या महारोग्यांना पकडून आश्रमात डांबण्याची सोय केली. तिथे स्त्रिया आणि पुरुष वेगळे ठेवत. औषधे आली, रोग बरा होऊ लागला, तरी कायदा उभाच राहिला. तो रद्द झाला २०१६ साली. म्हणजे सिकलसेलला कायद्यात जागा मिळाली त्याच वर्षी, ११८ वर्षांनी. हिंदू विवाह कायद्यातले घटस्फोटाचे कारण म्हणून असलेला कुष्ठरोग तर २०१९ पर्यंत टिकला. रोग हटवण्याच्या घाईत रोगीच हटवला जातो आणि ती व्यवस्था रोग गेल्यावरही मागे उरते.

म्हणून या आजाराचा इतिहास रुग्णालयाच्या कागदांवर सोडून भागणार नाही. तो रोग्याच्या बाजूने लिहायचा, तर आपल्याकडे दोनच साधने आहेत. एक, पाड्यांवरच्या म्हाताऱ्या बाया. कोणते लेकरू कोणत्या दुखण्याने गेले, कोणत्या भावाला 'हाडात वारा' होता, कोणती सून परत पाठवली, हे त्यांना पिढीवार आठवते. मी चोपडा आणि शिरपूर तालुक्यांत अशा आठवणी लिहून घेऊ लागलो आहे. सांगणारीचे नाव न लिहिता, तिच्याच बोलीत, तिने जेवढे सांगितले तेवढेच. दुसरे साधन शेतकऱ्यांच्या घरात आहे. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजली जाते आणि त्याआधीच्या साफसफाईत माळ्यावरच्या जुन्या वह्या रद्दीत जातात. ज्यांच्या घरी सालदारांची पाने असलेल्या अशा वह्या असतील, त्यांनी या दिवाळीत त्या विकू नयेत. गावच्या वाचनालयात द्याव्यात, नाहीतर आपल्याच घरी कोरड्या जागी ठेवाव्यात. त्यांत लिहिलेली नावे ज्यांची आहेत, त्यांच्या नातवंडांचे रक्त आज तपासले जात आहे.