रुमालांची यादी आणि इतिहासाची दृष्टी

मराठ्यांच्या इतिहासलेखनाचा पाया विद्यापीठांनी घातला नाही. तो पदरमोड करून दफ्तरे धुंडाळणाऱ्या हौशी माणसांनी घातला. हे विधान आता सर्वमान्य आहे. आम्हांला त्याच्या पुढचा प्रश्न विचारावयाचा आहे. या माणसांनी कागद ज्या रीतीने लावले, त्या रीतीमुळे आपल्याला काय दिसले आणि काय झाकले गेले?

पुण्याचे पेशवे दफ्तर इंग्रज सरकारच्या कुलपात होते. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ भागांत बाहेर आले, ते १९३० नंतर. साहजिकच आधीची पिढी खासगी दफ्तरांकडे वळली, आणि सातारा-सांगली हा प्रदेश अशा दफ्तरांनी समृद्ध होता. वाईस मिळालेल्या कागदांतून वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला. साताऱ्यात द. ब. पारसनीस यांनी कागद व चित्रे जमविली. तो संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) शाळेत संस्कृत शिकवीत आणि उरलेल्या वेळात पटवर्धन सरदारांच्या दफ्तरांतील पत्रे उतरवून घेत. १८९७ पासून निघालेल्या त्यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे बारा खंड त्यांच्या हयातीत झाले.

पटवर्धनांचा अंमल सरंजामी होता. फौज बाळगावी, हैदर-टिपूवरील मोहिमांत पेशव्यांकडे चाकरी करावी आणि त्या खर्चासाठी लावून दिलेल्या मुलखाचा वसूल घ्यावा, असा हा करार. वसूल घेणारा हात आणि तलवार धरणारा हात एकच. रयतेच्या वाट्याला त्यातून घासदाणा येई, वेठ येई, लष्कर शेतातून गेले की पिकाची पायमल्ली येई. लष्करी अंमलाखालचे जगणे म्हणतात ते हेच.

आता यादी करणाऱ्याची अडचण पाहा. रुमाल सोडावा, जीर्ण घड्या उलगडाव्यात, मोडी वाचावी. पण पत्रावर पुष्कळदा सालच नसते. ‘छ’ या खुणेपुढे चंद्र आणि मुसलमानी महिना, एवढीच मिती. मग साल ठरावयाचे ते मजकुरावरून: मुक्काम कोठे आहे, नदीला पाणी उतरले का, कोणता सरदार अजून हयात आहे. मोहिमांचा क्रम ठाऊक असल्यावाचून कागदाला जागाच मिळत नाही. म्हणून मोहीम हाच यादीचा कणा झाला. खरेशास्त्र्यांनी पत्रांना जोडणारी सलग हकीकत लिहिली ती याच कण्यावर, आणि गोपाळराव, परशुरामभाऊ ही माणसे त्यांच्यामुळे आपल्यापुढे सजीव उभी राहिली. हे ऋण लहान नाही.

परंतु ज्या कागदाला मोहिमेत जागा नाही, त्याचे काय? वेठीची तक्रार, कर्जाची फेड, पायमल्लीची सूट मागणारा अर्ज, हे युद्धाची तारीख ठरविण्यास निरुपयोगी. म्हणून ते मागे पडतात. ज्याची नोंद होत नाही, त्यावर संशोधक प्रश्नही विचारीत नाही. निवड करणाऱ्याच्या मनात कपट असण्याची गरज नसते. रकाना नसला की पुरे.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे काही करता येण्याजोगे आहे. छापील पत्रांतही राजकारणाचा मजकूर संपल्यावर दोन-चार ओळी उरतात: दाण्याचा भाव, दुखणे, घोड्याची चंदी, पगार थकल्याने कुरकुरणारे शिलेदार. तेथे पत्रलेखकाची भाषा दरबारी वळण सोडून बोलीकडे झुकते. मराठी गद्याच्या इतिहासासाठी या ओळी मोठमोठ्या तहनाम्यांहून मोलाच्या आहेत असे आम्ही मानतो.

मोडी वाचणारे आज थोडे आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था मोडीचे वर्ग चालवतात, आणि तेथून तयार होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती उद्या कोणाच्या तरी माळ्यावरचा रुमाल पडेल. त्यांनी खरेशास्त्र्यांची चिकाटी जरूर घ्यावी. मात्र यादी आखताना प्रेषक, मुक्काम आणि मिती यांच्या शेजारी गाव, जिन्नस आणि तक्रार यांचेही रकाने ओढावेत. स्वयंसेवकाला लेखणी, पट्टी आणि कागद यांपलीकडे त्यासाठी काही लागत नाही. पुढील अभ्यासकाला मात्र त्यातून रयत सापडेल.